साठ ते ऐंशी टक्के

माणूस किती पुढारलेला आहे हे तो काय कमावतो यावरून नव्हे, तर घरात काय मोजतो यावरून ठरतं. मागासलेल्या घरात साखर मोजतात. जरा बऱ्या घरात वजन, रक्तदाब आणि रोजची पावलं मोजतात. आणि प्रगतीची परिसीमा गाठलेल्या घरात काचेच्या पेटीतल्या हवेची आर्द्रता मोजतात. असं एक घर माझ्या दारासमोरच असावं, हे मी माझं भाग्य समजतो. (मी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात कारकून आहे. या दोन टोकांच्या मध्येही नोंद घेण्यासारखं काही घडतं, हे मला त्या घरामुळे कळलं.)

घर तसं आबांचं. आबांनी उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला. ते निवृत्त झाले, त्यांची नजर झाली नाही. जिन्यातल्या सूचनाफलकावरची चुकीची वेलांटी ते येता-जाता खिशातल्या पेनाने सुधारत. पत्नी जाऊन काही वर्षं झालेली. घरात ते, मुलगा आणि सून. मुलाला मी चिरंजीव म्हणतो, कारण आबा त्याची ओळख तशीच करून देत: "हे आमचे चिरंजीव. हवेत असतात." यात टोमणा नव्हता. चिरंजीवांची कंपनी औषधांच्या गोदामांतल्या हवेवर लक्ष ठेवते. कुठल्यातरी लांबच्या गावात गोदामाची हवा दमट झाली की चिरंजीवांच्या खिशातला फोन थरथरतो आणि चिरंजीव भरल्या ताटावरून उठतात. इतका कर्तव्यदक्ष माणूस मी तरी पाहिलेला नाही.

अशा माणसाने कुत्रा पाळला असता तर त्याच्या शिक्षणाचा अपमान झाला असता. कुत्र्याला आर्द्रतेचं सोयरसुतक नसतं. म्हणून चिरंजीवांनी पाल आणली.

"पाल नाही हो," सूनबाईंनी मला पहिल्याच दिवशी सुधारलं. त्या दातांच्या डॉक्टर आहेत. समोरच्याने आ वासला की त्यांना बोलायला सुचतं. "क्रेस्टेड गेको म्हणतात याला. डोळ्यांवर कशी झालर आहे बघा."

"म्हणजे पाल नव्हे?"

"पालीच्या कुळातला आहे. पण पाल नव्हे."

हा फरक शास्त्रीय आहे. पाल ट्यूबलाइटमागे राहते, फुकट राहते आणि झाडूने मरते. गेको काचेच्या घरात राहतो, त्याला झाडाची साल, शेवाळ आणि स्वतंत्र दिवा लागतो, आणि त्याला शिंक आली तर रजा टाकावी लागते. त्याच आठवड्यात दिवाणखान्यातली एक साधी पाल सूनबाईंनी किंचाळत, झाडू आपटत बाहेर घालवली. युवराज (हे गेकोचं नाव) ते सगळं काचेतून शांतपणे पाहत होते. कूळ एक असलं म्हणून घराणं एक होत नाही.

आता आर्द्रतेविषयी. तुम्हाआम्हाला हवेच्या दोनच अवस्था माहीत: दमट आणि कोरडी. युवराजांना साठ ते ऐंशी टक्के लागतात. साठच्या खाली गेली तर कात टाकताना ती बोटांना चिकटून बसते आणि बोटं वाळून गळतात. ऐंशीच्या वर फार काळ राहिली तर पेटीत बुरशी धरते आणि फुप्फुसं बिघडतात. म्हणून संध्याकाळी बारीक फवारा मारून ती चढवायची, मग दिवसभर हळूहळू उतरू द्यायची. पेटीच्या आत, काचेला रबरी चकतीने चिकटवलेलं एक काडेपेटीएवढं यंत्र होतं. ते हवेची खबर सतत चिरंजीवांच्या फोनवर धाडायचं, आणि मर्यादा ओलांडली की फोन टिटवीसारखा ओरडायचा.

चिरंजीवांनी पेटीवर चिठ्ठी डकवली: 'आद्रता ६० ते ८०'. दुसऱ्या दिवशी आबांनी त्यावर लाल शाईने रफार दिला.

"आबा, मुद्दा टक्क्यांचा आहे," चिरंजीव म्हणाले.

"असेल. पण रफाराशिवाय ती ओली वाटत नाही."

व्यवस्था चोख राहावी म्हणून फोनवर 'युवराज परिवार' नावाचा गट स्थापन झाला. सदस्य: चिरंजीव, सूनबाई, प्राण्यांचे डॉक्टर, पाळीव प्राण्यांच्या दुकानातले एक विशेषज्ञ आणि शेजारधर्म म्हणून मी. आबांना घेतलं नव्हतं. ते फुलांची चित्रं पाठवतात, त्यामुळे महत्त्वाच्या गोष्टी वर सरकतात, असं चिरंजीवांचं म्हणणं पडलं.

मग चिरंजीवांची दुसऱ्या शहरात बदली झाली. सूनबाईंनाही तिथल्या एका दवाखान्यात काम मिळालं. नव्या घराच्या मालकाने प्राणी चालणार नाहीत अशी अट घातली होती. वडील चालणार नाहीत अशी अट घातली नव्हती. तो विषय चर्चेलाच आला नाही. युवराजांना प्रवास सोसणारा नव्हता आणि त्यांच्याजवळ कुणीतरी राहणं भाग होतं. अशा रीतीने आबांना निवृत्तीनंतर पुन्हा एकदा पद चालून आलं.

निघताना चिरंजीव दिवाणखान्यात पेटीजवळ उभे राहिले. काचेवरून त्यांनी दोनदा हात फिरवला, हे मी स्वतः पाहिलं.

"नीट काळजी घ्या," ते म्हणाले.

"घेतो रे. गोळ्या आणून ठेवल्यात महिन्याभराच्या."

"फवाऱ्याचं म्हणतोय मी, आबा."

"हो हो. तेच."

आबांची खोली घराच्या मागच्या अंगाला आहे. तिच्या भिंतीपलीकडे न्हाणीघर, आणि मधून जाणारा नळ कुठेतरी गळत होता. भिंतींना कान असतात असं म्हणतात. या भिंतीला दाढी होती. हिरवट-काळी, हात लावला तर हाताला लागणारी. आबांना त्या खोलीत खोकला यायचा. नळाचं त्यांनी चिरंजीवांच्या कानावर घातलं होतं, आणि चिरंजीव 'बघू' म्हणाले होते. (बघू हा आपल्या भाषेतला एकमेव शब्द आहे, जो उच्चारला की बघावं लागत नाही.) दर रविवारी फोन करायचं ठरलं होतं. रविवार नेमाने येत राहिले.

एके दुपारी मी कार्यालयात एका नवजात मुलीची नोंद करत असताना फोन वाजला.

"काका, एक्याण्णव!" चिरंजीव ओरडत होते. "एक्याण्णव दाखवतंय! आबा फोन उचलत नाहीयेत. तुमच्याकडे किल्ली आहे ना? धावा!"

ती मुलगी अर्धी जन्मलेली ठेवून मी धावलो. दारात प्राण्यांचे डॉक्टर माझ्याआधी हजर होते, पेटारा घेऊन. त्यांना चिरंजीवांनी वाटेतूनच वळवून आणलं होतं. आत युवराज एका पानाखाली मजेत झोपलेले. डॉक्टरांच्या मते पेटीतली हवा व्यवस्थित. मात्र यंत्र जागेवर नव्हतं.

ते आबांच्या उशाशी सापडलं. काच पुसताना त्याची रबरी चकती निसटली, म्हणून आबांनी ते खिशात टाकलं, खोलीत जाऊन उशाशी ठेवलं आणि त्यांचा डोळा लागला. डॉक्टरांनी यंत्रावरचा आकडा पाहिला, मग भिंत पाहिली, मग खाटेवर उठून बसलेल्या आबांना पाहिलं.

"या हवेत युवराज आठवडाभर तगला नसता," ते म्हणाले. "फुप्फुसंच गेली असती."

"आणि माणूस?" आबांनी विचारलं.

"मी माणसांचं बघत नाही," डॉक्टर नम्रपणे म्हणाले. आपल्या अधिकारक्षेत्राची इतकी स्वच्छ जाणीव हल्ली दुर्मीळ झाली आहे.

चिरंजीव फोनवर होतेच. "म्हणजे ते एक्याण्णव आबांच्या खोलीतलं होतं?"

"हो."

पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला. "बाप रे. मला वाटलं, काहीतरी झालं!"

सुटकेने माणूस उदार होतो. त्या आनंदात चिरंजीवांनी आबांशी बराच वेळ गप्पा मारल्या. जेवण कोण करतं, गुडघा कसा आहे, तिकडच्या कचेरीतली लिफ्ट कशी दोन मजल्यांच्या मधे अडकते, असं काय काय. लिफ्टमध्ये अडकलेल्या साहेबांची नक्कलही केली. आबा हसले, हसता हसता खोकले आणि खोकता खोकता पुन्हा हसले. संध्याकाळी ते जिन्यात भेटले तेव्हा सूचनाफलकावर एक नवीनच घोडचूक होती. आबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि पेन न काढता शीळ घालत वर गेले.

त्यानंतर पेटीतली हवा वरचेवर बिघडू लागली.

कारण मला योगायोगाने कळलं. आबांचं वर्तमानपत्र मी वाचायला नेत असे. एका संध्याकाळी ते परत द्यायला गेलो, दार लोटलेलं होतं. आबा पेटीचं झाकण उघडून आत वाकले होते आणि चष्म्याची काच पुसण्यापूर्वी आपण करतो तसं त्या यंत्रावर तोंड धरून 'हाऽऽ' करत होते. एकदा, दोनदा. मग झाकण लावून ते खुर्चीत बसले आणि त्यांनी फोन मांडीवर घेतला. फोन वाजला.

"हो रे, चढलीय जराशी. उतरेल आता. ते राहू दे. तू जेवलास का?"

माझ्या मनात शंकेचा गेको चुकचुकला. पण मी बोललो नाही. नोंद करणं हे माझं काम, ते मी केलं. माझे निष्कर्ष असे: पेटीतली हवा बिघडली असता फोन येण्याचं प्रमाण शंभरात शंभर. आबांना ताप आला असता फोन येण्याचं प्रमाण शंभरात शून्य. (ताप आल्याचं आबांनी स्वतःहून कळवलं नव्हतं, हे मान्य. पण गेकोनेही कधी स्वतःहून काही कळवलेलं नाही.)

आबांनी या सोयीचा गैरवापर केला असं मात्र कुणी म्हणू नये. चिरंजीव कामात असतील अशा वेळी त्यांनी कधी श्वास सोडला नाही. शिवाय फवाऱ्याची वेळ त्यांनी चुकवली नाही, पेटीतलं शेवाळ स्वतः निवडलं, आणि त्या काळात युवराजांनी कात टाकली ती विसाच्या वीस बोटांवरून सुखरूप निघाली. शाळेच्या पुस्तकात मी 'मायेचा ओलावा' असा शब्द वाचला होता. तो किती टक्क्यांना सुरू होतो, हे पुस्तकात दिलं नव्हतं.

पण चिरंजीव हा चूक सहन करणारा माणूस नव्हे. शेवटी मुलगा कुणाचा. त्यांनी आलेख काढून पाहिले. रोज संध्याकाळी फवाऱ्याची लाट यायची ती येतच होती. पण तिच्या पाठोपाठ एक काटा उभा राहायचा आणि लगेच मावळायचा. त्यांनी विशेषज्ञांशी सल्लामसलत केली. पेटीतल्या दिव्यापासून रोपांच्या कोवळ्या मुळांपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. अखेर 'मानवी हस्तक्षेप' असं निदान निघालं, आणि त्यावर जो उपाय जगात सर्वत्र करतात तोच झाला: मानव काढून टाकण्यात आला.

विशेषज्ञ स्वतः येऊन नवी पेटी बसवून गेले. फवारा आपोआप उडणार, पंखा आपोआप फिरणार, खाणंदेखील एका चक्रातून आपोआप पुढे सरकणार, आणि यंत्र आतल्या जाळीच्या पाठी बंदिस्त. सगळी सूत्रं चिरंजीवांच्या फोनवर.

"आबा, आता तुम्हाला काहीच करायला नको," चिरंजीवांनी आनंदाची बातमी दिली. "अगदी निवांत."

"काहीच नको?"

"काहीच नको. मी इथून सगळं बघतो."

"बरं झालं," आबा म्हणाले.

खरोखरच बरं झालं. आलेख असा काही सुबक येऊ लागला की विशेषज्ञांनी तो दुकानात लावला. फोन पूर्ण थांबला. एकदा मी पाहिलं, आबा पेटीसमोर बसून बाहेरून काचेवर श्वास सोडत होते. काच धूसर व्हायची आणि पुन्हा स्वच्छ व्हायची. आतले युवराज जिभेने स्वतःचा डोळा पुसत होते. (गेकोला पापणी मिटता येत नाही, त्यामुळे त्याला डोळेझाक जमत नाही. एवढा एक दोष सोडला तर प्राणी गुणी आहे.)

मग एका सकाळी आबांचं वर्तमानपत्र दाराबाहेर तसंच पडलेलं दिसलं. दूधही तसंच. घंटा वाजवली, हाका मारल्या, शेवटी माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. दिवाणखान्यात पेटी मंद गुणगुणत होती. आकडा बहात्तर, नजर लागावी असा. मागच्या खोलीत आबा खाटेच्या कडेला बसून हवा ओढत होते. ती आत जात नव्हती. मला पाहून त्यांनी हात केला, पण बोलता येईना.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली. या बाई माणसांचं बघणाऱ्या होत्या.

"फुप्फुसांत संसर्ग आहे. घरात ओल आहे का?"

"आहे. एक्याण्णव टक्के."

त्यांनी मान वर केली. "इतकं अचूक कुणी मोजलं?"

"चुकून मोजलं गेलं," मी म्हणालो.

आबांना प्राणवायूची नळी लावल्यावर मी गटावर मजकूर टाकला: 'आबांना दवाखान्यात दाखल केलं आहे. श्वासाचा त्रास.' प्राण्यांच्या डॉक्टरांनी जोडलेले हात पाठवले. विशेषज्ञांनी विचारलं, 'पेटीतली पाण्याची टाकी भरलेली आहे ना?' सूनबाई रुग्णाच्या दाढेत होत्या. चिरंजीवांचं उत्तर नाही. पेटी आपोआप चालू लागल्यापासून त्यांनी गटाचा आवाज बंद करून ठेवला होता, कारण गटावर आता महत्त्वाचं काही घडत नव्हतं. मी फोन लावला. पुन्हा लावला. त्यांची बैठक चालली होती, आणि बैठकीत ते फक्त आणीबाणीचे फोन घेतात.

तेव्हा मी घरी गेलो. पेटीचं झाकण सताड उघडलं, खोलीतला पंखा त्यावर रोखला आणि दारात उभा राहिलो. आकडा उतरू लागला. सत्तर, पासष्ट, अठ्ठावन्न.

माझा फोन वाजला.

"काका! काय झालं? पेटी फुटली का? छप्पन्न दाखवतंय!"

"आबांना दवाखान्यात ठेवलंय."

"काय? कधी? ...आणि पेटी?"

"पेटी मी उघडली."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग चिरंजीव म्हणाले, "निघतो मी." आवाज त्यांचा वाटत नव्हता. मी पंखा बंद केला आणि झाकण लावलं. युवराजांचा या प्रकरणात दोष नव्हता.

चिरंजीव आले, अंगावरच्या कपड्यांनिशी आले. आबांच्या नळीला पाण्याची एक बाटली जोडलेली होती. कोरडा प्राणवायू नाकाला टोचू नये म्हणून तो त्या पाण्यातून बुडबुडे काढत येतो. चिरंजीवांनी आधी तिच्याकडे पाहिलं आणि परिचारिकेला विचारलं, "याचं प्रमाण किती ठेवलंय?" सवय असते. पण मग त्यांनी आबांचा हात हातात घेतला आणि संध्याकाळपर्यंत सोडला नाही. खिशातला फोन मधून मधून थरथरत होता. कुठलंतरी गोदाम ओलं होत होतं. तो त्यांनी काढलाही नाही. हे मी मुद्दाम नोंदवतो. पुढचं ऐकून कुणी त्यांच्यावर अन्याय करू नये.

"आबा, सांगायचं ना मला," ते म्हणाले.

आबांनी नाकावरची नळी जरा बाजूला केली. "सांगत होतो की. रोज संध्याकाळी."

चिरंजीवांना तो आलेखातला काटा आठवला असावा. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं, हात मात्र सोडला नाही.

आबा बरे होऊन घरी परतले. चिरंजीवांनी रजा वाढवली आणि जे करायचं ते मन लावून केलं. नळ दुरुस्त झाला, भिंत खरवडून नवीन गिलावा चढला. आबांच्या खोलीत हवेचं यंत्र बसलं. आबांच्या मनगटावर एक पट्टा आला; तो नाडी, प्राणवायू, झोप आणि पावलं मोजतो. प्रत्येक गोष्टीची खालची आणि वरची मर्यादा चिरंजीवांनी रात्रंदिवस वाचन करून ठरवली. मर्यादा ओलांडली की त्यांच्या फोनवर टिटवी ओरडणार, अगदी बैठकीतही. 'युवराज परिवार' या गटाचं नाव बदलून 'युवराज आणि आबा' झालं. एवढी बढती आबांना छापखान्यातही कधी मिळाली नव्हती. सगळं मार्गी लागल्याची खात्री झाल्यावर चिरंजीव कामावर परत गेले. जाताना आबांना मिठी मारली, दोनदा.

तेव्हापासून आबांची तब्येत उत्तम आहे. खोली कोरडी, खोकला गेलेला, नाडी जागच्या जागी, गोळ्या वेळच्या वेळी. पट्ट्याची रेषा इतकी स्थिर की विशेषज्ञांनी तीही मागून घेतली. एकही आकडा मर्यादेबाहेर जात नाही. त्यामुळे फोन येत नाही.

परवा जिन्यात भेटले. "कसं काय, आबा?"

"मर्यादेत," ते म्हणाले आणि कठड्याला धरून वर गेले.

आमच्या इमारतीत या पट्ट्याची आता चांगलीच चाल पडली आहे. दूर नोकरीला असलेल्या मुलामुलींनी तो आपापल्या आईवडिलांना भेट म्हणून पाठवला आणि सगळेच निर्धास्त झाले. संध्याकाळी अंगणातल्या बाकांवर हातांना पट्टे बांधलेली म्हातारी मंडळी ओळीने बसलेली असतात, सगळी साठ ते ऐंशीच्या दरम्यान.

हे वाचून तुम्हालाही वाटलं असेल, आज घरी एक फोन करावा. कदाचित डोळ्यांच्या कडाही किंचित दमट झाल्या असतील. घाबरून जाऊ नका. ही आर्द्रता असल्या गोष्टी वाचल्या की एकदम चढते आणि चहा होईस्तोवर आपोआप उतरते. तिच्यापायी कुणाला खरोखर फोन करावा लागल्याची नोंद माझ्याकडे नाही.